मस्तिष्क-रोहिणीविस्फार व मस्तिष्काघात : प्रतिमादर्शन आणि अंतर्वाहिनी उपचारांचा इतिहास

मेंदूस रक्तपुरवठा करणाऱ्या रोहिणीच्या भित्तीचा दुबळा भाग रक्तदाबामुळे फुग्यासारखा बाहेर येतो, त्यास मस्तिष्क-रोहिणीविस्फार म्हणतात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी बंद पडल्यामुळे किंवा तेथे रक्तस्राव झाल्यामुळे उद्‌भवणाऱ्या विकृतीस मस्तिष्काघात अशी संज्ञा आहे. त्याच्या परिणामी शरीराची एक बाजू लुळी पडते, तेव्हा ‘अंगावरून वारे गेले’ असे बोलीभाषेत म्हटले जाते. या दोन्ही विकृतींवर कवटी न उघडता, जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन जे उपचार करतात त्यांस अंतर्वाहिनी उपचार म्हणतात. हे उपचार म्हणजे क्ष-किरणचित्रण, शस्त्रक्रिया, धातुविज्ञान व संगणकशास्त्र या भिन्न शास्त्रशाखांच्या सु. एक शतकाच्या वाटचालीचे फलित होय.

प्रौढ व्यक्तींपैकी सु. ३ टक्के व्यक्तींच्या मेंदूत विस्फार आढळतो. बहुतेकांना त्याची आयुष्यभर जाणीवही होत नाही. विस्फार फुटल्यास मात्र मेंदूवरील जालतानिका या मध्य आवरणाखालील पोकळीत रक्त पसरते. रुग्णाचे डोके पूर्वी कधी अनुभवली नाही अशा तीव्रतेने अकस्मात दुखू लागते, मान ताठ होते, वांत्या होतात व पुष्कळदा शुद्ध हरपते. अशा रुग्णांपैकी निदान एक-तृतीयांश दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. फुटलेला विस्फार पहिल्या काही दिवसांतच पुन्हा फुटण्याचा धोका मोठा असतो व दुसरा रक्तस्राव बहुधा पहिल्यापेक्षा अधिक घातक ठरतो. म्हणूनच विस्फार नेमका कोठे आहे हे त्वरित पाहणे व तो बंद करणे या दोन प्रश्नांभोवती या विषयाचा सर्व इतिहास गुंफलेला आहे.

पूर्वपीठिका : मस्तिष्काघाताची लक्षणे प्राचीन वैद्यकास परिचित होती परंतु त्यांचे कारण मेंदूतील रक्तवाहिन्यांत शोधण्यास सतराव्या शतकात प्रारंभ झाला. योहान याकोब व्हेप्फर (१६२०–९५) या स्विस वैद्यांनी अशा आघाताने मृत्यू पावलेल्या व्यक्तींची शवपरीक्षा करून मेंदूतील रक्तस्राव हे आघाताचे एक कारण असल्याचे १६५८ मध्ये दाखवून दिले. इंग्रज वैद्य टॉमस विलिस (१६२१–७५) यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या शारीरावरील ग्रंथात मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिणीवलयाचे वर्णन केले. ग्रंथातील अनेक आकृत्या ख्यातनाम वास्तुशिल्पज्ञ क्रिस्टोफर रेन यांनी काढल्या होत्या. एक ग्रीवा-रोहिणी पूर्णपणे बंद असूनही हयातीत आघाताची लक्षणे न दिसलेल्या एका व्यक्तीची नोंद विलिस यांनी केली असून, वलयातील इतर रोहिणी त्या बाजूस रक्त पुरवितात हे त्यांनी ओळखले होते. ‘विलिस वलय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेतील फाट्यांपाशीच बहुसंख्य विस्फार निर्माण होतात कारण तेथे रक्तप्रवाहाचा आघात भित्तीवर सतत होत असतो.

पुढील अडीच शतके मेंदूतील विस्फार हा केवळ शवविच्छेदनात आढळणारा विषय राहिला. जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंके यांनी १८९१ मध्ये प्रचारात आणलेल्या कटिवेधामुळे पाठीच्या कण्यातून मस्तिष्क-मेरुद्रव काढून तो रक्तमिश्रित आहे की नाही हे पाहता येऊ लागले. मेंदूभोवती रक्तस्राव झाला आहे एवढे त्यावरून समजे परंतु तो कोठून झाला ते समजत नसे. १८९५ मध्ये व्हिल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला [⟶ क्ष-किरण]. पुढच्याच वर्षी जानेवारीत व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेंटाल यांनी तोडलेल्या हाताच्या रोहिणींत क्ष-किरणांस अपारदर्शक असे मिश्रण भरून त्यांचे चित्र मिळविले. जिवंत माणसाच्या मेंदूबाबत मात्र अडचण होती. मेंदू व त्यातील रक्त ही दोन्ही क्ष-किरणांस जवळजवळ सारखीच पारदर्शक असल्यामुळे चित्रात केवळ कवटीची हाडे उमटत. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद वॉल्टर डँडी (१८८६–१९४६) यांनी १९१८ मध्ये मेंदूतील विवरांत हवा भरून त्यांची चित्रे घेतली. अर्बुदामुळे विवरे सरकली असल्यास त्यांवरून अनुमान करता येई पण रक्तवाहिन्या अदृश्यच राहिल्या.

मोनीश आणि रोहिणीचित्रण : हा अडसर एगश मोनीश (१८७४–१९५५) या पोर्तुगीज तंत्रिकाविज्ञांनी दूर केला. ते लिस्बन येथे प्राध्यापक होते. राजकारणातही त्यांनी भाग घेतला होता आणि १९१८ मध्ये ते पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री होते. रक्तात मिसळल्यावर अपाय न करणारे, तरीही क्ष-किरण अडविणारे द्रव्य मिळाल्यास मेंदूतील रोहिणींचे चित्र घेता येईल आणि रोहिणी कोठे सरकल्या आहेत यावरून अर्बुदाचे स्थान कळेल, अशी त्यांची कल्पना होती. शवांच्या मस्तकांवर प्रयोग करून रोहिणींची प्राकृत रचना त्यांनी प्रथम निश्चित केली. संधिवातामुळे त्यांचे हात अधू झाले असल्याने प्रत्यक्ष अंतःक्षेपणाचे काम त्यांचे तरुण सहकारी आल्मैदा लीमा करीत.

पहिल्या काही रुग्णांत स्ट्राँशियम ब्रोमाइडाचा तीव्र विद्राव वापरण्यात आला. त्यांपैकी एक रुग्ण दगावला. मोनीश यांनी ब्रोमाइड वर्ज्य केले आणि सोडियम आयोडाइडाच्या २५ टक्के विद्रावाकडे ते वळले. आयोडिनाचा अणुभार अधिक असल्याने कमी द्रव्यातही ठळक छाया मिळते. २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिणींचे स्पष्ट चित्र त्यांना प्रथम मिळाले. पुढील महिन्यात पॅरिस येथे तंत्रिकाविज्ञांच्या सभेत त्यांनी आपले कार्य मांडले. रक्त मेंदूतून काही सेकंदांतच पार होत असल्यामुळे एका अंतःक्षेपणात एकापाठोपाठ अनेक चित्रे घेणे आवश्यक होते. त्यासाठी लिस्बनमध्येच क्ष-किरणपट्ट्या वेगाने बदलणारे उपकरण तयार करण्यात आले. १९३३ मध्ये मोनीश यांनी रोहिणीविस्फाराचेही चित्र मिळविले. शवविच्छेदनापूर्वी न दिसणारी ही विकृती आता रुग्ण जिवंत असताना दिसू लागली.

या प्रगतीची एक काळी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. आयोडाइडाच्या अंतःक्षेपणाने वेदना व झटके येत म्हणून १९३१ पासून मोनीश यांनी ‘थोरोट्रास्ट’ हा थोरियम डाय-ऑक्साइडाचा कलिल वापरण्यास सुरुवात केली. त्याने चित्रे उत्तम येत व रुग्णास त्या वेळी काही त्रास होत नसे. त्यामुळे जगभर त्याचा प्रसार झाला. परंतु थोरियम किरणोत्सर्गी असून ते शरीराबाहेर टाकले जात नाही. यकृत व प्लीहा यांत साठून ते आयुष्यभर आल्फा कण उत्सर्जित करीत राहते. अनेक वर्षांनी अशा व्यक्तींत यकृताचा कर्करोग व रक्ताचे कर्करोग यांचे प्रमाण फार मोठे असल्याचे उघडकीस आले आणि १९५० नंतर त्याचा वापर बंद झाला. तात्काळ दिसणारी सुरक्षितता म्हणजे खरी सुरक्षितता नव्हे, हा धडा त्यातून वैद्यकास मिळाला. मोनीश यांना १९४९ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते मात्र रोहिणीचित्रणाबद्दल नव्हे, तर मानसिक विकारांसाठी केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल. ती शस्त्रक्रिया पुढे त्याज्य ठरली. रोहिणीचित्रण मात्र टिकून राहिले.

शस्त्रक्रियेचे युग : विस्फारावर थेट शस्त्रक्रिया प्रथम स्कॉटिश शस्त्रक्रियाविशारद नॉर्मन डॉट (१८९७–१९७३) यांनी एडिंबरो येथे १९३१ मध्ये केली. वारंवार रक्तस्राव झालेल्या रुग्णाची कवटी उघडून त्यांनी विस्फार शोधला. शस्त्रक्रिया चालू असतानाच तो फुटला, तेव्हा मांडीतील स्नायूचा तुकडा त्याभोवती घट्ट बसवून त्यांनी रक्तस्राव थांबविला व रुग्ण बरा झाला. वॉल्टर डँडी यांनी २३ मार्च १९३७ रोजी बॉल्टिमोर येथे विस्फाराच्या मानेवर चांदीची लहानशी चाप बसवून तो मूळ रोहिणीपासून तोडला. रोहिणीतील प्रवाह कायम ठेवून केवळ विस्फार बंद करण्याचे हे तत्त्व पुढील अर्धशतकभर उपचारांचा पाया ठरले.

१९६० नंतर शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाचा वापर सुरू झाला. झुरिक येथे महमूत गाझी याशारगिल यांनी मेंदूच्या नैसर्गिक फटींतून विस्फारापर्यंत पोहोचण्याचे तंत्र सिद्ध केले आणि शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण खूपच घटले. तथापि कवटी उघडणे व नुकत्याच रक्तस्रावाने सुजलेल्या मेंदूस बाजूस सारणे हे अटळ होते. वृद्ध व अत्यवस्थ रुग्णांना ते सोसत नसे. तल-रोहिणीच्या टोकाशी असलेल्या विस्फारांपर्यंत पोहोचणे कुशल हातांसही कठीण जाई. आतल्या बाजूने, म्हणजे रोहिणीतूनच, विस्फाराकडे जाता येईल काय, हा प्रश्न या अडचणींतून पुढे आला.

रक्तवाहिन्यांतील मार्ग : १९२९ मध्ये व्हेर्नर फोर्समान या तरुण जर्मन वैद्यांनी स्वतःच्या हाताच्या नीलेतून नळी हृदयापर्यंत सरकवून तिचे क्ष-किरणचित्र घेतले होते. रक्तवाहिनीत नळी फिरविल्याने माणूस मरत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. रोहिणीत नळी घालण्याची सोपी व सुरक्षित रीत स्टॉकहोम येथील स्व्हेन-ईव्हार सेल्डिंगर (१९२१–९८) यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. प्रथम सुईने रोहिणी वेधायची, सुईतून लवचिक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची व तारेवरून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) सरकवायची, अशी ही रीत आहे. तिच्यामुळे मानेतील रोहिणी कापून उघडी करण्याचे कारण उरले नाही. जांघेतील एका छिद्रातून शरीरातील बहुतेक प्रत्येक रोहिणीत जाता येऊ लागले. आजचे सर्व अंतर्वाहिनी उपचार याच रीतीने सुरू होतात.

कॅथेटर हे केवळ चित्रणाचे नव्हे, तर उपचाराचेही साधन होऊ शकते, हे चार्ल्स डॉटर (१९२०–८५) या अमेरिकन क्ष-किरणविज्ञांनी १६ जानेवारी १९६४ रोजी दाखवून दिले. ८२ वर्षांच्या एका स्त्रीच्या पायाची अरुंद झालेली रोहिणी त्यांनी आतून रुंद केली आणि तिचा पाय कापण्याचा प्रसंग टळला. मेंदूच्या बाबतीत पहिले पाऊल वॉशिंग्टन येथील आल्फ्रेड ल्यूसेनहॉप व विल्यम स्पेन्स यांनी १९६० मध्ये टाकले होते. मेंदूतील रोहिणी व नीला यांच्या विकृत जाळ्याकडे रक्ताचा ओढा अधिक असतो. याचा फायदा घेऊन त्यांनी मानेतील रोहिणीतून प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या सोडल्या आणि प्रवाहानेच त्या जाळ्यात नेऊन बसविल्या.

मॉस्को येथील बुर्डेंको संस्थेतील फ्योदर सेर्बिनेंको (१९२८–२००२) यांचे कार्य याहून दूरगामी ठरले. मे दिनाच्या समारंभात दोरीच्या साहाय्याने फुगे हवे तसे वळविणारी मुले पाहून त्यांना आपली कल्पना सुचली, असे सांगितले जाते. कॅथेटरच्या टोकावर त्यांनी रबरी चिकाचा इवलासा फुगा बसविला. रक्तप्रवाह त्यास मेंदूच्या रोहिणींत वाहून नेई. इष्ट स्थळी पोहोचल्यावर तो फुगवून कॅथेटरपासून सोडविता येत असे. १९७४ मध्ये त्यांचा लेख इंग्रजीत प्रसिद्ध झाल्यावर पश्चिमी जगात या तंत्राचा प्रसार झाला. पॅरिस येथे झेरार दब्रं यांनी त्यात सुधारणा केल्या. परंतु विस्फाराच्या उपचारात फुग्याची मर्यादा लवकरच दिसून आली. फुगा स्वतःच्या गोल आकारात फुगतो, विस्फाराचा आकार मात्र बहुधा वेडावाकडा असतो. त्यामुळे फुगा विस्फाराच्या दुबळ्या भित्तीवर ताण देई व कधीकधी ती फुटे. भित्तीवर दाब न देता विस्फाराच्या आकाराशी जुळवून घेईल अशा वस्तूची आवश्यकता होती.

नवी प्रतिमादर्शने : याच सुमारास मेंदू पाहण्याच्या साधनांत क्रांती घडून आली. इंग्रज अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड (१९१९–२००४) यांनी निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण मापनांवरून संगणकाच्या साहाय्याने मेंदूचा आडवा छेद चित्रित करणारे यंत्र तयार केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विंबल्डन येथील ॲट्‌किन्सन मॉर्ली रुग्णालयात जेम्स ॲम्ब्रोझ यांच्या सहकार्याने पहिल्या रुग्णाचे असे चित्रण झाले. हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. सी. टी. स्कॅन म्हणून सर्वपरिचित झालेल्या या चित्रात ताजे रक्त पांढरे दिसते. आघात रक्तस्रावामुळे झाला की रोहिणी बंद पडल्यामुळे, हा भेद शय्येपाशी केवळ लक्षणांवरून खात्रीने करता येत नसे. तो आता काही मिनिटांत करता येऊ लागला. या दोन प्रकारांचे उपचार परस्परविरुद्ध असल्यामुळे या भेदास जीवनमरणाचे महत्त्व आहे.

डच क्ष-किरणविज्ञ झीडसेस देस प्लांटेस यांनी १९३० नंतरच्या दशकात छायाचित्रणाच्या रीतीने हाडांची प्रतिमा ‘वजा’ करण्याची युक्ती शोधली होती. १९८० च्या सुमारास संगणकाने ही वजाबाकी तत्काळ होऊ लागली. अपारदर्शक द्रव्य सोडण्यापूर्वीची प्रतिमा नंतरच्या प्रतिमेतून वजा केली की पडद्यावर फक्त रक्तवाहिन्या उरतात. कॅथेटरचे टोक मेंदूत नेणाऱ्या वैद्यास हा पडदा म्हणजे जणू वाटेचा नकाशाच होय. चुंबकीय अनुस्पंदनावर आधारित चित्रणाने प्रारणाविना मेंदूच्या ऊतकांचा तपशील मिळू लागला. त्यातील पाण्याच्या रेणूंच्या विसरणावर आधारलेल्या प्रकाराने रक्तपुरवठा तुटल्यापासून अल्पावधीतच बाधित भाग ओळखता येतो, असे १९९० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत आढळून आले.

प्लॅटिनमचे वेटोळे : विस्फाराच्या आकाराशी जुळणारी वस्तू इटालियन वैद्य ग्वीदो गुग्लिएल्मी यांनी शोधली. विस्फारात विद्युत् अग्र ठेवून सौम्य प्रवाहाने रक्त गोठविण्याचे प्रयोग त्यांनी रोम येथे केले होते. एका प्रयोगात पोलादी अग्राचे टोक विद्युत् विच्छेदनाने झिजून आपोआप सुटल्याचे त्यांच्या लक्षात आले. प्रयोगातील हा दोषच पुढे उपयुक्त ठरला. १९८९ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील केंद्रात गेले. तेथे अभियंते आयव्हन सेपेट्‌का यांच्या साहाय्याने प्लॅटिनमच्या केसासारख्या बारीक तारेचे मऊ वेटोळे पोलादी तारेच्या टोकास जोडण्यात आले. सूक्ष्म कॅथेटरमधून हे वेटोळे विस्फारात सोडतात. ते नीट बसले नाही, तर परत ओढून घेता येते. नीट बसल्याची खात्री झाल्यावर तारेतून सु. १ मिलिअँपिअर इतका क्षीण विद्युत् प्रवाह सोडतात. प्लॅटिनम अबाधित राहते, जोडाजवळचे पोलाद मात्र विरघळते आणि वेटोळे धक्का न बसता सुटते. एकामागून एक अशी वेटोळी भरल्यावर विस्फारातील रक्त स्थिरावून गोठते व त्यात नवे रक्त शिरत नाही. १९९० मध्ये हे साधन मनुष्यावर प्रथम वापरण्यात आले, १९९१ मध्ये त्यासंबंधीचे लेख प्रसिद्ध झाले आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली.

नव्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांत व शस्त्रक्रियाविशारदांत तीव्र मतभेद होते. चापेने विस्फार कायमचा बंद होतो, वेटोळी कालांतराने दबून विस्फार पुन्हा भरू शकतो, असा आक्षेप होता व तो निराधार नव्हता. वादाचा निर्णय अनुभवी व्यक्तींच्या मतांवर न सोपविता चाचणीने करण्याचे ठरले. ऑक्सफर्ड येथील अँड्रू मॉलिन्यू व रिचर्ड कर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत विस्फार फुटलेल्या २,१४३ रुग्णांची यादृच्छिक रीतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. मध्यंतरीच्या निष्कर्षांत फरक स्पष्ट दिसल्याने नवीन रुग्ण घेणे २००२ मध्ये थांबविण्यात आले. एका वर्षाअखेर मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण वेटोळ्यांच्या गटात २३·७ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ३०·६ टक्के होते. चाचणीतील बहुसंख्य रुग्ण तुलनेने सुस्थितीत होते व त्यांचे विस्फार लहान होते. म्हणून हा निष्कर्ष सरसकट सर्वांस लावता येत नाही. तसेच उपचारानंतर पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका वेटोळ्यांच्या गटात किंचित अधिक आढळला. तरीही दोन्ही उपचार शक्य असतील तेथे अंतर्वाहिनी मार्गास प्राधान्य देण्याची प्रथा या चाचणीनंतर अनेक देशांत रूढ झाली.

रुंद मानेच्या विस्फारातून वेटोळी बाहेर घसरतात. यासाठी पॅरिस येथील झाक मोरे यांनी वेटोळी भरताना मानेवर तात्पुरता फुगा धरण्याची रीत काढली. नंतर स्टेंट (जाळीदार धातुनलिका) वापरात आले. घट्ट विणीच्या जाळीची नलिका मूळ रोहिणीत बसविल्यास रक्ताचा ओघ सरळ पुढे वळतो, विस्फारातील रक्त स्थिर होऊन गोठते व काही महिन्यांत मानेवर नवे अंतःस्तर वाढते. या प्रवाह-वळवणीच्या साधनास अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. अशा नलिकेत गुठळी होऊ नये म्हणून रुग्णास रक्तबिंबिकारोधक औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यामुळे नुकत्याच फुटलेल्या विस्फारात तिचा वापर जपून करतात.

बंद रोहिणी उघडण्याचे प्रयत्न : मस्तिष्काघाताच्या बहुसंख्य रुग्णांत रोहिणी फुटलेली नसून गुठळीने बंद पडलेली असते. विस्फारात रक्त गोठवावयाचे असते, तर येथे गोठलेले रक्त काढावयाचे असते. दीर्घकाळ या आघातावर उपचार नाही अशीच समजूत होती. १९७० नंतरच्या संशोधनाने ती बदलली. बाधित क्षेत्राच्या गाभ्यातील पेशी लवकर मरतात परंतु त्याभोवतीच्या पट्ट्यातील पेशी कार्य थांबवूनही काही काळ जिवंत असतात, असे दिसून आले. ग्रहणातील अर्धवट अंधाराच्या पट्ट्यावरून या भागास ‘उपच्छाया’ हे नाव देण्यात आले. उपचाराची सर्व धडपड या पट्ट्यासाठी असते. मोठी रोहिणी बंद पडल्यास दर मिनिटास सु. १९ लक्ष तंत्रिका कोशिका नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला.

१९९५ मध्ये अमेरिकेतील ६२४ रुग्णांवरील चाचणीत गुठळी विरघळविणारे औषध आघातानंतर ३ तासांच्या आत नीलेतून दिल्यास अपंगत्व घटते, असे सिद्ध झाले. पुढे ही मुदत ४·५ तासांपर्यंत वाढविण्यात आली. त्या चाचणीत औषध मिळालेल्या रुग्णांपैकी ६·४ टक्के रुग्णांत मेंदूत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव झाला, तर इतरांत हे प्रमाण ०·६ टक्के होते. म्हणून औषधापूर्वी सी. टी. चित्रण अनिवार्य ठरले. एका अंतःक्षेपणात देता येणारे टेनेक्टेप्लेज हे औषधही आता या कामी वापरतात. त्याचे उत्पादन पुणे येथेही होते. मोठ्या रोहिणीतील लांब गुठळी मात्र औषधाने बहुधा विरघळत नाही. ती यंत्राने ओढून काढण्यासाठी मळसूत्री आकाराचे एक साधन अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाले. त्यानंतर शोषण करणारे कॅथेटर आले. परंतु २०१३ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांत अंतर्वाहिनी उपचारांचा अधिक लाभ दिसून आला नाही आणि या क्षेत्रात निराशा पसरली.

या अपयशाची छाननी उद्‌बोधक ठरली. या चाचण्यांतील कित्येक रुग्णांची मोठी रोहिणी खरोखरच बंद आहे की नाही, याची उपचारापूर्वी चित्रणाने खात्री करून घेण्यात आली नव्हती. उपचारास विलंब झाला होता व साधने बहुतांशी जुन्या धर्तीची होती. दरम्यान विस्फारातील वेटोळ्यांना आधार देण्यासाठी बनविलेला एक स्टेंट गुठळीत उघडून तो गुठळीसह बाहेर ओढता येतो, असे आढळून आले होते. अशा प्रकारची साधने प्रामुख्याने वापरून नेदर्लंड्‌समधील १६ रुग्णालयांत ५०० रुग्णांवर चाचणी झाली. प्रत्येक रुग्णाची बंद रोहिणी चित्रणाने निश्चित करण्यात आली होती. तीन महिन्यांनंतर स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण अंतर्वाहिनी उपचारांच्या गटात ३२·६ टक्के, तर इतरांत १९·१ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०१५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी त्यांस दुजोरा दिला. पाचही चाचण्यांतील १,२८७ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की, सरासरीने दर पाच रुग्णांमागे एक अधिक रुग्ण स्वावलंबी होतो. २०१८ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी वाचविण्याजोगा भाग चित्रणात शिल्लक दिसत असल्यास निवडक रुग्णांत आघातानंतर १६ ते २४ तासांपर्यंतही उपचार लाभदायक ठरतात, असे दाखविले. घड्याळाइतकेच प्रत्येक रुग्णाच्या मेंदूच्या प्रतिमेसही महत्त्व आले.

सद्यःस्थिती व मर्यादा : प्रतिमादर्शन सुलभ झाल्याने अन्य कारणासाठी केलेल्या चित्रणात न फुटलेले विस्फार वारंवार आढळू लागले आहेत. प्रत्येक विस्फारावर उपचार करणे हितावह नसते. मेंदूच्या पुढील रक्ताभिसरणातील ७ मिमी. पेक्षा लहान विस्फार फुटण्याचा धोका अल्प असतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत आढळले. उपचारांतही थोडा धोका असतोच. म्हणून वय, रक्तदाब, धूम्रपान, कौटुंबिक इतिहास तसेच विस्फाराचा आकार व स्थान यांचा विचार करून निर्णय घ्यावा लागतो. लक्षणरहित व्यक्तीस विस्फार असल्याचे कळल्यावर जी चिंता ग्रासते, तीही नव्या प्रतिमादर्शनाचीच एक फलश्रुती होय.

मोनीश यांच्या काळी रोहिणी दिसत पण तिच्यावर आतून उपचार करता येत नसत. आता ते करता येतात परंतु त्यांसाठी अहोरात्र सज्ज असे चित्रणयंत्र, शिक्षित वैद्य व परिचारक लागतात. भारतात अशी केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत आणि साधनांचा खर्चही मोठा असतो. खेड्यातील रुग्ण तेथे पोहोचेपर्यंत पुष्कळदा उपच्छायेतील पेशी नष्ट झालेल्या असतात. ‘वारे गेले’ असे समजून तेल चोळण्यात वा वाट पाहण्यात गेलेला वेळ भरून काढता येत नाही. चेहरा एका बाजूस वाकडा होणे, हात उचलला न जाणे किंवा वाचा अडखळणे यांपैकी कोणतेही लक्षण एकाएकी दिसल्यास रुग्णास सी. टी. चित्रणाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ नेणे आणि लक्षण प्रथम केव्हा दिसले ती वेळ लक्षात ठेवून वैद्यास सांगणे, या दोन गोष्टी कोणाही सामान्य माणसास करता येण्याजोग्या आहेत. पुढील सर्व उपचारांचे यश बव्हंशी त्यांवरच अवलंबून असते.